हेडरमॅप मागितला, हेडरमॅपच दिला, तरी कंपायलर नाही म्हणतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच सांगता येईल. तुमच्याकडे रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या तीन सर्व्हिसेस आहेत आणि तिघींना लागणारं एक सामायिक क्रेट, म्हणजे कोडचं पॅकेज, आहे, ज्याला तुम्ही कॉमन म्हणता. ते कंपनीच्या गिट सर्व्हरवरून थेट ओढलं जातं. एका सर्व्हिसमध्ये तुम्ही अ‍ॅक्सम हे वेब फ्रेमवर्क ०.६ वरून ०.७ वर नेलं आणि तेव्हापासून बिल्ड अडलाय: हेडरमॅप (एचटीटीपी हेडर्स साठवणारा टाइप) अपेक्षित होता, हेडरमॅप मिळाला. लॉक फाइल (कोणत्या क्रेटचं नेमकं कोणतं व्हर्जन घेतलं याची नोंद) उडवून पाहिली, कार्गो या रस्टच्या पॅकेज मॅनेजरने क्लीन करून पाहिलं, ढिम्म फरक नाही. आता एक सहकारी म्हणतो, सगळी व्हर्जन्स बरोबरचं चिन्ह (=) लावून एकेका आकड्यावर ठोकून टाकू. दुसरा म्हणतो, कॉमनची डॉट एसओ फाइल, म्हणजे प्रोग्राम चालताना जोडली जाणारी लायब्ररी, बनवू आणि तीच तिन्ही सर्व्हिसेसना देऊ. तुम्ही विचारताय, कोणाचं ऐकू?

या बाबतीत दोघांचंही नको. दोन्ही सूचना 'व्हर्जन्स दोन झाली, हाच घोटाळा आहे' असं धरून चालतात. व्हर्जन्स दोन असणं हा रस्टमध्ये बहुतेक वेळा घोटाळा नसतोच. तुमच्या लॉक फाइलमध्ये आत्ता शोधलंत तर एकाच क्रेटची दोन-दोन व्हर्जन्स असलेल्या पाच-दहा जोड्या सहज सापडतील, आणि त्या कधीपासून गुण्यागोविंदाने नांदत असतील. तुमचं दुखणं वेगळं आहे. दोन व्हर्जन्सपैकी एकीचा टाइप कॉमनच्या सीमेवरून बाहेर आला आणि दुसरीच्या दारात जाऊन उभा राहिला, तिथे सगळं अडलं.

कार्गो कसा विचार करतो ते थोडं सांगते, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढचे निर्णय आपोआप सुटतात. व्हर्जनमध्ये डावीकडून शून्य नसलेला पहिला आकडा बघायचा. तो त्याच जागी आणि सारखा असेल तर कार्गोच्या लेखी ती व्हर्जन्स एका घरातली. एकाने १.२ मागितलं आणि दुसऱ्याने १.९, तर कार्गो दोघांना चालेल असं एकच निवडतो. तो आकडा वेगळा असेल तर घरं वेगळी, आणि मग कार्गो दोन्ही व्हर्जन्स ठेवतो. ०.११ आणि ०.१२ यांच्यात पहिला शून्य नसलेला आकडा अकरा आणि बारा आहे, म्हणजे ती तितकीच परकी जितकी १ आणि २. सुरुवातीचे दोन्ही आकडे शून्य असतील तर प्रत्येक व्हर्जन स्वतंत्र संस्थान. दोन्ही एकाच बायनरीत सुखाने राहू शकतात, कारण कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या अंतर्गत नावात त्या क्रेटची ओळख मिसळतो, त्यामुळे लिंक करताना नावं आदळत नाहीत. पायथनमध्ये एका व्हेन्व्हमध्ये, म्हणजे एका प्रोजेक्टच्या वेगळ्या वातावरणात, एका पॅकेजचं एकच व्हर्जन राहतं, म्हणून तिथून आलेल्या माणसाला 'दोन' हा शब्दच टोचतो. तुमचे ते पहिले सहकारी पायथनवाले असावेत असा माझा अंदाज आहे, चूकभूल द्यावीघ्यावी.

पण नाव सारखं असलं तरी टाइप एक नसतो. गावात दोन सुनील जाधव असतात. नाव, आडनाव, वाडीसुद्धा एकच, म्हणून एकाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याला पीककर्ज मिळत नाही. कंपायलर तेच म्हणतोय. ई०३०८ या एररखाली एक बारीक टीप असते, 'एचटीटीपी या क्रेटची दोन वेगळी व्हर्जन्स वापरात असावीत' अशा अर्थाची. आपण सगळे लाल अक्षरं वाचतो आणि ती टीप सोडून देतो. मीही वर्षभर सोडत होते.

आता तुमच्या केसकडे येऊ. कॉमनमध्ये बाहेरच्या एपीआयला हाक मारण्यासाठी रिक्वेस्ट वापरलं आहे, ते क्यूडब्ल्यू स्पेलिंगवालं, आणि त्याचं व्हर्जन ०.११ आहे. रिक्वेस्ट ०.११ हे हायपर (एचटीटीपीचं खालचं काम करणारं क्रेट) ०.१४ वर आणि एचटीटीपी (हेडरमॅपसारखे मूळ टाइप्स देणारं क्रेट) ०.२ वर उभं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हायपर १.० आणि एचटीटीपी १.० आली. अ‍ॅक्सम ०.७ त्याच महिन्यात त्यांच्यावर गेलं. रिक्वेस्टचं ०.१२ मात्र मार्च २०२४ मध्ये आलं. मधल्या महिन्यांत ज्यांनी उत्साहाने अ‍ॅक्सम वर नेलं त्या सगळ्यांनी तुमचीच एरर पाहिली आहे, तुम्ही एकटे नाही.

यातली फसवी गोष्ट अशी की तुमच्या कार्गो टॉमलमध्ये, म्हणजे लागणारी क्रेट्स लिहिण्याच्या फाइलमध्ये, एचटीटीपी नावाची ओळच नाही. तुम्ही लिहिलंयसुद्धा, की 'आम्ही तर एचटीटीपी क्रेट वापरतच नाही.' वापरता. अ‍ॅक्समच्या आतल्या एचटीटीपी मॉड्यूलमधून घेतलेला हेडरमॅप आणि रिक्वेस्टच्या हेडर मॉड्यूलमधून घेतलेला हेडरमॅप हे दोन्ही त्याच क्रेटमधले, त्या-त्या क्रेटने पुढे केलेले. अ‍ॅक्सम ०.६ असताना दोघे योगायोगाने एचटीटीपी ०.२ वर होते, म्हणून टाइप एकच होता आणि कोड चालत होता. तुमचा कोड त्या योगायोगावर उभा होता. एरर मात्र दिसते सर्व्हिसच्या हँडलरमध्ये, जिथे सगळं बरोबर आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

खात्री कशी करायची? कार्गो ट्रीला डी हा लहान अक्षराचा फ्लॅग द्या. फक्त दुहेरी झालेली क्रेट्स दिसतील. यादी लांब असेल, घाबरू नका, त्यातलं एररमधल्या टाइपचं क्रेट शोधा. मग कार्गो ट्रीला आय फ्लॅग देऊन त्यापुढे क्रेटचं नाव आणि अ‍ॅटच्या चिन्हाने जोडलेलं व्हर्जन लिहा. झाड उलटं होतं, मुळाशी ते क्रेट आणि वर चढत जाल तसे त्याला ओढून आणणारे. तुमच्याकडे साधारण असं दिसेल:

एचटीटीपी ०.२.१२
└ हायपर ०.१४
  └ रिक्वेस्ट ०.११
    └ कॉमन
      └ तुमची सर्व्हिस

दुसऱ्या व्हर्जनसाठी हेच केलंत की एचटीटीपी १ वरून अ‍ॅक्सम-कोर, अ‍ॅक्सम आणि थेट तुमची सर्व्हिस. दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या की कोणाला हलवायचं ते समजतं. मी ही दोन आउटपुट्स कागदावर काढते, खरंच, पेन्सिलीने. स्क्रीनवर स्क्रोल करताना डोळा चुकतो.

लॉक फाइल उडवून काही का झालं नाही, हेही यातच कळतं. कॉमनच्या टॉमलमध्ये रिक्वेस्ट ०.११ लिहिलं आहे. लॉक फाइल असो वा नसो, कार्गो ०.१२ ला हात लावणार नाही, ते त्याच्या लेखी दुसरं घर. उलट लॉक फाइल उडवल्यामुळे बाकीची दोनशे क्रेट्स गुपचूप पुढे सरकली असतील. गिटमधून जुनी लॉक फाइल परत आणा, हे आधी करा. एखादंच क्रेट हलवायचं असेल तर कार्गो अपडेटला त्याचं नाव द्यायचं, आणि ठरावीक व्हर्जनच हवं असेल तर प्रिसाइज फ्लॅग.

तातडीचा उपाय दोनपैकी एक. सरळ वाट म्हणजे कॉमनमधलं रिक्वेस्ट ०.१२ वर न्या. सोबत सर्व्हिसमध्ये टॉवर-एचटीटीपी (मिडलवेअरचं क्रेट) असेल तर ते निदान ०.५ आणि टॉनिक (जीआरपीसीचं क्रेट) असेल तर निदान ०.१२ हवं, कारण त्यांच्या आधीची व्हर्जन्स एचटीटीपी ०.२ वर आहेत. आणि 'हात लागलाच आहे तर अ‍ॅक्सम ०.८ वरच जाऊ' हा मोह या आठवड्यात टाळा. ०.८ मध्ये राउटच्या पाथमधलं पॅरामीटर कोलनऐवजी महिरपी कंसात लिहावं लागतं. तो बदल सोपा आहे, पण दोन बदल एकत्र केले की कशाने काय मोडलं ते सांगता येत नाही.

दुसरी वाट, काही कारणाने रिक्वेस्ट हलवता येत नसेल तर: सीमेवर रूपांतर करा. हेडरचं नाव आणि किंमत शेवटी बाइट्सच असतात. जुन्या मॅपमधून नाव आणि किंमत बाइट्स म्हणून घ्यायची आणि नव्या मॅपमध्ये फ्रॉम बाइट्सने बनवून टाकायची, दहा ओळींचं फंक्शन आहे. पण त्यात दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडले आहे. हेडरमॅपमध्ये एका नावाच्या अनेक किमती असू शकतात. मॅप मालकीने फिरवला, म्हणजे इनटू इटरने, तर नाव ऑप्शनमध्ये येतं आणि त्याच नावाच्या पुढच्या किमतींना नावाच्या जागी नन, म्हणजे 'काही नाही', येतो. 'नन आला तर सोडून दे' असं लिहिलंत की त्या किमती गेल्या. म्हणून साधा इटर वापरा, त्यात प्रत्येक किमतीसोबत नाव येतं. दुसरा खड्डा म्हणजे नव्या मॅपमध्ये इन्सर्ट करणं. इन्सर्ट आधीची किंमत पुसतो, अपेंड जोडतो. आमच्याकडे एका संध्याकाळी लॉगिन होत होतं पण भाषेची निवड टिकत नव्हती, कारण दोन सेट-कुकी हेडर्सपैकी शेवटचा तेवढा उरत होता. बिल्ड हिरवा, टेस्ट हिरव्या. टेस्टमध्ये कुकी एकच होती ना.

एवढ्याने तुमचा बिल्ड चालेल. पण कॉमनची घडण तशीच राहिली तर पुढच्या वर्षी दुसऱ्या क्रेटवरून हेच होईल, म्हणून आता थोडं खोलात जाते.

सामायिक क्रेटच्या डिपेंडन्सीज दोन जातींच्या असतात. काही आतल्या आत वापरल्या जातात. कॉमनच्या पोटात कोणतं बेस६४ आहे याच्याशी सर्व्हिसला देणंघेणं नसतं. काही मात्र सार्वजनिक फंक्शनच्या सहीत दिसतात: घेतलेल्या किंवा परत केलेल्या टाइपमध्ये, ट्रेटच्या अटींत, स्ट्रक्टच्या पब फील्डमध्ये. या दुसऱ्या जातीच्या डिपेंडन्सीचं मोठं व्हर्जन बदललं की तुमच्या कॉमनचंही मोठं व्हर्जन बदललं असं समजायचं, मग तुमच्या स्वतःच्या कोडची एक ओळही बदललेली नसो. कार्गोला हा भेद स्टेबलवर, म्हणजे रस्टच्या स्थिर आवृत्तीवर, सांगता येत नाही. त्यावरचा आरएफसी १९७७ हा प्रस्ताव जुना आहे, काम नाइटलीवर, म्हणजे प्रायोगिक आवृत्तीवर, आहे, तोवर हा हिशेब आपणच ठेवायचा.

सर्वांत जास्त गळती कुठून होते सांगू? एरर टाइपमधून. धिसएरर या क्रेटने एररचा एनम बनवायचा, एका व्हेरिएंटवर फ्रॉम लावायचं आणि आत रिक्वेस्टची एरर ठेवायची, हे आपण सगळे सवयीने करतो. लिहायला छान, प्रश्नचिन्हाने सगळं वर जातं. पण त्या क्षणी रिक्वेस्ट तुमच्या सार्वजनिक इंटरफेसचा भाग झालं. मी सामायिक क्रेटमध्ये फ्रॉमऐवजी सोर्स म्हणून बॉक्स केलेली एरर ठेवते आणि बाहेर आपल्या अर्थाचे व्हेरिएंट दाखवते: वेळ संपली, नकार मिळाला, उत्तर वाचता आलं नाही. थोडं जास्त लिहावं लागतं, मान्य. पण रिक्वेस्ट बदललं तेव्हा सर्व्हिसेसना पत्ताही लागला नाही.

सगळंच झाकता येत नाही आणि झाकूही नये. एचटीटीपी, बाइट्स, सर्डे (डेटाचं रूपांतर करणारं) यांच्यासारखी क्रेट्स ही परिसंस्थेची चलनी नाणी आहेत, स्वतःचा हेडरमॅप लिहीत बसणं वेडेपणा. तिथे कॉमनने ते क्रेट पब यूजने पुढे करावं आणि सर्व्हिसने ते कॉमनच्या दारातूनच घ्यावं. मग निदान कॉमनचा आणि सर्व्हिसचा हेडरमॅप एकच असतो. अ‍ॅक्समशी तो जुळेलच असं नाही, पण भांडण एका जागी येतं.

आणि कॉमन हे नावच मला खटकतं. कॉमन म्हणजे घराचा माळा. कुठे ठेवू कळत नाही, टाक माळ्यावर. तुम्ही दिलेल्या यादीप्रमाणे तुमच्या माळ्यावर ग्राहक आणि ऑर्डरचे डेटा टाइप्स आहेत, एचटीटीपी क्लायंट आहे, लॉगिंगची मांडणी आहे आणि डेटाबेसचं पूलही आहे. ज्या सर्व्हिसला फक्त ऑर्डरचा स्ट्रक्ट हवा तिलाही डेटाबेसचा ड्रायव्हर कंपाइल करावा लागतो आणि त्याच्या व्हर्जनची भांडणं सोसावी लागतात. याचे तुकडे करा. डेटा टाइप्सचं क्रेट वेगळं, त्यात सर्डेशिवाय शक्यतो काही नको. क्लायंट वेगळं. लॉगिंग वेगळं. तिसऱ्या तुकड्याची घाई नाही, पण पहिला तुकडा याच महिन्यात पाडा. सर्वांत जास्त फायदा त्याचाच होतो.

आता गिटचा विषय. तुम्ही चिकटवलेल्या टॉमलच्या तुकड्यात मला आणखी एक पेरलेला सुरुंग दिसला. एका सर्व्हिसमध्ये कॉमन टॅग देऊन घेतलंय, आणि कॉमनवर अवलंबून असलेल्या तुमच्या दुसऱ्या अंतर्गत क्रेटमध्ये तेच कॉमन रेव्ह देऊन, म्हणजे कमिटचा हॅश लिहून. समजा दोन्ही एकाच कमिटवर बोट ठेवतात. तरीही कार्गोसाठी ते दोन वेगळे स्रोत, म्हणून दोन वेगळी क्रेट्स. कोड अक्षरशः एक, व्हर्जन एक, आणि टाइप जुळत नाहीत. क्रेट्स डॉट आयओवरून, म्हणजे रस्टच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवरून, घेतलेलं आणि गिटवरून घेतलेलं तेच व्हर्जन हेही असेच सख्खे परके. माझ्या जुन्या नोकरीत यावर एक पूर्ण गुरुवार गेला होता, आणि शेवटी फरक निघाला तो टॅग आणि रेव्ह या दोन शब्दांचा.

यावर उपाय कोणता, हे तुमची टीम कशी आहे त्यावर ठरेल. तिन्ही सर्व्हिसेस एकाच चमूच्या हातात असतील आणि साधारण एकत्र रिलीज होत असतील, तर सगळं एका रेपोत, एका वर्कस्पेसमध्ये आणा. वर्कस्पेसची लॉक फाइल एक असते, कॉमन पाथने येतं, आणि रस्ट १.६४ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, डिपेंडन्सीचं व्हर्जन मुळाशी एकदाच लिहून सदस्य क्रेटमध्ये 'वर्कस्पेस बरोबर ट्रू' एवढंच म्हणता येतं. रिक्वेस्टचं व्हर्जन मग एकाच ओळीत राहतं. चमू वेगळे असतील, कोणी कोणासाठी थांबू शकत नसेल, तर एक रेपो करून रोज भांडणं ओढवून घेऊ नका. खासगी रजिस्ट्री उभी करा आणि कॉमनला खरी व्हर्जन्स द्या, मोडणारा बदल असेल तेव्हा खरंच मोठा आकडा वाढवून. तोवर गिटवरच राहायचं असेल तर सगळीकडे टॅगनेच घ्यायचं असा नियम करा आणि तो रिव्ह्यूमध्ये पाळा.

वर्कस्पेस करताना एक बारकावा. मुळाच्या टॉमलमध्ये स्वतःचं पॅकेज नसेल, फक्त सदस्यांची यादी असेल, तर तिथे एडिशन (भाषेची आवृत्ती) नसते आणि कार्गो रिझॉल्व्हर (व्हर्जन्स निवडण्याची पद्धत) १ धरतो, सदस्य २०२१ एडिशनचे असले तरी. तिथे रिझॉल्व्हरची ओळ हाताने लिहा. फीचर्स (क्रेटचे ऐच्छिक भाग) कुठे एकत्र होतात, कुठे होत नाहीत, याचे नियम त्यावर बदलतात. रस्ट १.८४ किंवा पुढचं वापरत असाल तर ३ लिहा. तो क्रेटने जाहीर केलेलं किमान रस्ट व्हर्जन बघून निवड करतो, त्यामुळे जुन्या टूलचेनवर (कंपायलर आणि त्याची साधनं) अडकलेल्या सर्व्हिसला न झेपणारं व्हर्जन शक्यतो माथी मारत नाही.

बरोबरच्या चिन्हाबद्दल. तुमच्या सहकाऱ्याचा हेतू चांगला आहे, जागा चुकीची आहे. आठवा, एका घरातल्या दोन व्हर्जन्सना कार्गो एका बायनरीत राहू देत नाही. कॉमनने एक क्रेट बरोबर १.०.३० ला बांधलं आणि सर्व्हिसने बरोबर १.०.३१ ला, तर आज जे मुकाट्याने जुळतंय ते उद्या 'व्हर्जन निवडता येत नाही' म्हणून थांबेल. म्हणजे नसलेलं भांडण तुम्ही विकत घेतलं. व्हर्जन गोठवण्याचं काम लॉक फाइलचं, आणि ते ती चोख करते. सीआयमध्ये, म्हणजे आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत, बिल्डला लॉक्ड फ्लॅग द्या, म्हणजे लॉक फाइल टॉमलशी जुळत नसेल तर बिल्ड स्वतःच्या मनाने ती बदलण्याऐवजी थांबेल. लक्षात ठेवा, कॉमनची स्वतःची लॉक फाइल सर्व्हिसचा बिल्ड करताना बघितलीच जात नाही, तिथे सर्व्हिसचीच चालते. उलट टोकही नको. 'शून्य दशांश सहापासून शून्य दशांश आठच्या आतलं काहीही' अशी ऐसपैस मागणी केली की आपण उदार झालो असं वाटतं, पण कार्गो त्यातलं सर्वांत नवं, ०.७, उचलतो, शेजारच्याकडे ०.६ आधीच असलं तरी. एक करता आली असती ती दोन होतात.

लॉक फाइल आहे म्हणून वर्षभर निर्धास्त असंही नाही. जुलै २०२४ मध्ये रस्ट १.८० आलं आणि टाइम या क्रेटची ०.३.३५ च्या आधीची व्हर्जन्स कंपाइल होईनात. प्रमाण लायब्ररीत एक नवा ट्रेट इम्प्लिमेंटेशन आला, त्यामुळे टाइमच्या आतल्या एका ओळीत कंपायलरला टाइप ओळखता येईना. लोकांनी स्वतःचा कोड बदलला नव्हता, लॉक फाइल बदलली नव्हती, फक्त टूलचेन नवी आली होती. उपाय एका ओळीचा, टाइम अपडेट करा. पण ज्यांची लॉक फाइल दोन वर्षं शिळी होती त्यांना ती एक ओळ चालवायचीही भीती वाटत होती. आम्ही दर सोमवारी कार्गो अपडेट चालवतो आणि लॉक फाइलमधला फरक वाचतो. चहा होईपर्यंत वाचून होतो. सहा महिने साठवला तर होत नाही.

आतापर्यंतची भांडणं कंपायलरने तरी पकडली. जी तो पकडत नाही ती जास्त महागात पडतात, आणि तुमच्या यादीत ट्रेसिंग (लॉग नोंदवणारं क्रेट) आणि टोकिओ (असिंक कामं चालवणारं क्रेट) दोन्ही आहेत म्हणून सांगते. क्रेटमध्ये ग्लोबल असेल तर दोन व्हर्जन्स म्हणजे दोन ग्लोबल. टोकिओ १.० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा आम्ही मुख्य सर्व्हिस त्यावर नेली. एक जुनं मेल पाठवणारं क्लायंट मात्र आतून टोकिओ ०.२ वर होतं. टाइप कुठे भेटत नव्हते, बिल्ड स्वच्छ. ते क्लायंट फक्त दिवसअखेरचा रिपोर्ट पाठवताना चालायचं. संध्याकाळी रिपोर्टची वेळ झाली आणि पॅनिक, म्हणजे काम तिथेच कोसळलं: रिअ‍ॅक्टर चालू नाही. चालू होता, पण दुसऱ्या टोकिओचा. ट्रेसिंग-कोर दोन झालं तर पॅनिकही होत नाही, एका बाजूचे लॉग फक्त नाहीसे होतात. ओपनटेलिमेट्री (ट्रेस बाहेर पाठवणारं) आणि ट्रेसिंगला ते जोडणारं क्रेट यांची व्हर्जन्स जुळली नाहीत तर तोच प्रकार ट्रेसच्या बाबतीत.

म्हणून सीआयमध्ये कार्गो-डेनी हे डिपेंडन्सीज तपासणारं साधन लावा. पण पहिल्याच दिवशी 'कोणतंच क्रेट दोनदा नको' असा फतवा काढू नका. सिनची १ आणि २, हॅशब्राउन, विंडोज-सिस यांच्या जोड्या तुम्हाला हलवता येणार नाहीत आणि त्यांनी कंपाइलचा वेळ सोडून काही बिघडतही नाही. अपवादांची यादी इतकी लांबते की शेवटी कोणी वाचत नाही. त्याऐवजी मोजक्या क्रेट्सपुरती बंदी घाला. माझी यादी चार नावांची आहे: टोकिओ, ट्रेसिंग-कोर, एचटीटीपी आणि ओपनटेलिमेट्री. एचटीटीपीला काही काळ सूट द्यावी लागेल, ती तारीख लिहून द्या.

एका ठिकाणी कार्गो स्वतःच दोन व्हर्जन्स नाकारतो. सी लायब्ररीला बांधलेल्या क्रेटमध्ये लिंक्स नावाची नोंद असते आणि एका झाडात एका लायब्ररीसाठी तसं एकच क्रेट चालतं, कारण सीमध्ये फंक्शनची नावं उघडी असतात, ती आदळतील. रस्क्लाइट आणि एसक्यूएलएक्स ही डेटाबेसची क्रेट्स एकत्र आणलीत आणि दोघांना एसक्यूलाइटच्या सिस क्रेटचं (सी लायब्ररीला बांधलेल्या क्रेटचं) वेगवेगळं व्हर्जन हवं असलं की हे दिसतं. तिथे युक्ती नाही, दोघांची जुळणारी व्हर्जन्स शोधायची किंवा एकाला रजा द्यायची. टॉमलमधला पॅच विभागही इथे फारसा कामाचा नाही. तो स्रोत बदलतो, मागणी नाही, त्यामुळे ०.११ मागणाऱ्याला ०.१२ देऊ पाहाल तर 'पॅच वापरला गेला नाही' एवढी सूचना येते आणि काही बदलत नाही.

राहिली डॉट एसओ. रस्टला स्थिर एबीआय (कंपाइल झालेल्या कोडने एकमेकांशी जुळण्याचे नियम) नाही. एका कंपायलर व्हर्जनने बनवलेली रस्ट डायनॅमिक लायब्ररी दुसऱ्या व्हर्जनने बनवलेल्या बायनरीला लावता येईल याची हमी नाही, म्हणजे तिघींना कंपायलरसकट एका दावणीला बांधावं लागेल. सी-डायलिब करून सीच्या पद्धतीचा इंटरफेस ठेवलात तर हमी मिळते, पण मग हेडरमॅप, स्ट्रिंग, रिझल्ट, काहीच थेट पलीकडे जात नाही, सगळं पॉइंटर आणि लांबी. पायथन किंवा सीमधून कॉमन वापरायचं असेल, किंवा प्लगइन चालू प्रोग्राममध्ये लोड करायचे असतील, तर तो खटाटोप करा. तीन रस्ट सर्व्हिसेससाठी नको.

तुम्ही शेवटी विचारलंय की मॅनेजरला किती वेळ सांगू. रिक्वेस्ट ०.१२ वर नेणं आणि तिन्ही सर्व्हिसेस बिल्ड करणं याला अर्धा दिवस सांगा, टॉनिक असेल तर एक. टॅग-रेव्हची सफाई तासाभराची. कॉमनमधून डेटा टाइप्स वेगळे काढायला मात्र आठवडा मागा आणि सुरुवात सर्वांत कमी राउट्स असलेल्या सर्व्हिसपासून करा. ते करताना कॉमनच्या सार्वजनिक फंक्शन्सची यादी काढून त्यात बाहेरच्या क्रेटचं नाव दिसेल तिथे खूण करा. पंधरापेक्षा जास्त खुणा झाल्या तर ती यादी इथे टाका, मी बघते.